पाटीला पाठ लावून

चंद्रपूरला निघाले आहे असं सांगितल्यावर कोल्हापुरात जो तो मला वाघाबद्दल विचारायला लागला. सफारी सकाळची घेतली की दुपारची, गाईड ओळखीचा आहे का, आमच्या मेव्हण्यांना गेल्या वर्षी बछडे दिसले होते. मी कुणाला खरं सांगितलं नाही. मला वाघ बघायचाच नव्हता. मी भांडायला निघाले होते.

भांडणाचं कारण सांगते, म्हणजे पुढचा प्रवास कळेल. मी रेडिओलॉजिस्ट आहे. एक्स-रे, सीटी वाचून त्यात काय दिसतं ते लिहून देणं हा माझा धंदा. हल्ली छातीचे एक्स-रे आधी संगणक वाचतो, कृत्रिम बुद्धिमत्ता की काय म्हणतात ती. त्या मशीनशी माझं वैर नाही. दिवसभर फोटो बघून थकलेल्या माझ्या डोळ्यांतून निसटलेला क्षयाचा डाग त्याने धरलेला मी पाहिला आहे, आणि त्या दिवशी मनातल्या मनात त्याला हात जोडले आहेत. गडचिरोलीच्या जंगलातल्या गावांत जिथे एक्स-रे वाचणारा डॉक्टर जन्मात पोहोचायचा नाही, तिथे असं मशीन जावं याच मताची मी आहे.

एक कंपनी तिकडे शिबिरं घेते. सुटकेसमध्ये मावेल एवढं एक्स-रे यंत्र, जिच्यावर फोटो उमटतो ती पाटी आणि लॅपटॉप. माणसाला पाटीसमोर उभं करायचं, फोटो काढायचा, मशीन हिरवं किंवा लाल दाखवतं. हिरवं असेल तर घरी, लाल असेल तर दवाखान्यात. त्यातले थोडे फोटो फेरतपासणीसाठी कोल्हापुरात माझ्याकडे येतात. गेल्या पावसाळ्यानंतर धानोऱ्याच्या बाजूच्या बायकांचे फोटो एकापाठोपाठ एक लाल यायला लागले. 'हृदयाचा आकार वाढलेला.' पुरुषांची हृदयं ठणठणीत आणि बायकांची सगळ्यांची मोठी, असं कुठल्या गावात होत नसतं.

मी नीट पाहिलं तर प्रत्येक बाईच्या खांद्यामागची रुंद हाडं फुफ्फुसांवर पसरलेली. याचा अर्थ या बायकांना उलटं उभं केलं होतं. छातीचा फोटो काढताना माणूस छाती पाटीला चिकटवून, खांदे पुढे टाकून, पाटीला मिठी मारल्यासारखा उभा राहतो. किरण पाठीकडून येतात, हृदय पाटीला लागून असतं आणि त्याची सावली बेताची पडते. पाठ पाटीला लावली की हृदय पाटीपासून लांब जातं आणि सावली फुगते. कंदिलापुढे हात धरून भिंतीवर राक्षसाचा पंजा करणाऱ्या पोरांना हे कळतं.

मी कंपनीला लिहिलं. उत्तर आलं, आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. मी पुन्हा लिहिलं, जरा कडक. तेच उत्तर, शब्दही तेच. तिसऱ्यांदा तेच आल्यावर मी रेल्वेचं तिकीट काढलं.

ऊर्जानगर

चंद्रपूर स्टेशनवर मला घ्यायला प्रफुल आला होता. हे फोटो काढणारा तंत्रज्ञ तोच. फोनवर मी त्याला एवढं फैलावर घेतलं होतं की तो येईल असं वाटलं नव्हतं. तिशीचा, किडकिडीत, बोलण्याआधी घसा साफ करणारा. माझी बॅग मोटरसायकलच्या टाकीवर ठेवून त्याने मला थेट आपल्या घरी, ऊर्जानगरला नेलं.

वीज केंद्राच्या चिमण्या घरापासून दिसतात असं म्हणायला नको, घरच चिमण्यांच्या पायाशी आहे. पाळी सुटायची वेळ होती. कंपनीच्या बसेस आणि मोटरसायकली, हेल्मेटांना अडकवलेले डबे. अंगणातल्या पेरूच्या पानावरून बोट फिरवलं तर बोट राखाडी झालं. प्रफुलचे वडील वीज केंद्रातच कंत्राटावर होते, आता घरी असतात. भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब आणि त्यांच्या खाली प्रफुलचं पदविकेचं प्रमाणपत्र, काचेत बसवलेलं.

त्याच्या आईने मला पाणी दिलं आणि समोर बसून सरळ विचारलं, "माह्या पोराची नोकरी खायाले आल्या का बाई?"

मी नाही म्हटलं, पण तोपर्यंत मला तरी कुठे नक्की माहीत होतं. त्यांनी मात्र उत्तराची वाट न बघता ताट वाढलं. लाखोळीच्या डाळीचे वडे, सुकी मासोळी घातलेली वांगी आणि भाताचा डोंगर. आमच्याकडे भात जेवणाच्या शेवटी येतो, पोटात जागा उरली असेल तर. इथे जेवण म्हणजेच भात, बाकी सगळं त्याच्या सोबतीला. पोट भरल्यावर माणूस जरा सभ्य होतो. मी आवाज खाली आणून प्रफुलला विचारलं, बाबा रे, तुला शिकवलं नव्हतं का.

शिकवलं होतं. त्याला सगळं माहीत होतं. पहिल्या शिबिरात सकाळी पुरुषांचे फोटो झाले. उघड्या छातीने, घामाच्या अंगाने एकेकाने पाटीला मिठी मारली. मग बायकांना बोलावलं. रांगेत पुढे होती मैनाबाई, गावातली वडीलधारी. तिने पाटीकडे पाहिलं आणि सांगितलं की साऱ्या गावच्या माणसांनी जिला कवटाळलं तिला मी छाती लावणार नाही, हवी तर पाठ लावते. मागच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या आणि एकामागून एक सगळ्यांनी पाठच लावली. एका गावाची गोष्ट पुढच्या गावात पोहोचायला वेळ लागत नाही. पुढच्या शिबिरांत बायका येतानाच ठरवून आल्या.

"मी बी नसती लावली," प्रफुलची आई आतून म्हणाली.

माझ्या दवाखान्यात बायकांना कपडे बदलायला वेगळी खोली आहे, धुतलेला गाऊन आहे, उभं करायला बाईमाणूस आहे, आणि प्रत्येक पेशंटनंतर पाटी पुसली जाते. तिथली कुठली बाई नाही म्हणणार. मैनाबाईने मागितलं ते आम्ही शहरात न मागता देतो. तिला लाजाळू म्हणायचा कुणाला अधिकार नाही.

"मी गडचिरोलीच्या ऑफिसात सायबाले फोन केला व्हता, मॅडम," प्रफुल म्हणाला. "पाठ लावून काढला असं मशीनले सांगायची सोय हाय. तसं सांगतलं का ते म्हनते, असा फोटो मले वाचता येत नाई. साहेब म्हनले, मंग सांगू नको. सीधा हाय म्हून टाक, ते समजून घेते."

मशीन बिचारं प्रामाणिक होतं. मला हे वाचता येत नाही, असं ते स्वतः सांगत होतं, जे माझ्या धंद्यातले कित्येक मोठे डॉक्टर आयुष्यात एकदाही म्हणत नाहीत. आणि माणसांनी त्याच्याशी खोटं बोलून त्याच्याकडून खोटं वदवून घेतलं.

मूल, सावली, वैनगंगा

दुसऱ्या दिवशी शिबिराच्या गाडीतून निघालो. मूल तालुक्याच्या जंगलात 'वाघाचा वावर, एकट्याने जाऊ नये' अशी पाटी आली तेव्हाच मागून वास सुटला. जाऊ तिथे भेट द्यायला म्हणून कांदा-लसूण चटणीची बरणी आणली होती, ती फुटून तेल माझ्या सगळ्या कपड्यांतून झिरपलं होतं. पुढचे सगळे दिवस मी कोल्हापूरचा वास घेऊन गडचिरोलीत हिंडले.

सावली हे गाव मागे पडलं आणि वैनगंगेचा पूल आला. नदी या दिवसांत अर्धी वाळूच असते. पलीकडे गडचिरोली. धान निघालं होतं, आणि त्याच ओल्या बांद्यांत, म्हणजे भातखाचरांत, लाखोळी आणि जवस उभं होतं, जवसाची निळी फुलं दूरवर. गावागावांत रात्रीच्या नाटकांची पोस्टरं, त्यांवर डोळ्यांतून पाणी काढणाऱ्या नायिका. कुणी सहज फिरायला जात असेल तर हिवाळ्यात जावं. मला मात्र त्या निळ्या फुलांकडेही नीट बघवलं नाही, डोक्यात ते वाक्य घुमत होतं, 'ते समजून घेते'.

गाव

धानोऱ्याच्या अलीकडे डांबरी रस्ता सोडून आत गेल्यावर मैनाबाईचं गाव. नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या बायकांची नावं आधीच नको तिथे पोहोचली आहेत, म्हणून इथे ती बदलली आहेत.

लाल निघालेल्या बायकांपैकी बहुतेकींनी ते मनावरच घेतलं नव्हतं. दवाखान्यात जायचं तर दिवस मोडतो, त्यापेक्षा मोठं तर मोठं. मनावर घेतलं होतं ते एका घराने. कुंदाबाई आणि तिची मुलगी रोशनी. नवरा काही वर्षांपूर्वी धानाचा भारा डोक्यावरून उतरवून बांधावर बसला तो उठलाच नाही. छाती धरून गेला. थोडी शेती, बाकी मजुरी, आणि त्यावर मुलीला बारावी केलेली.

रोशनी पोलीस भरतीची तयारी करत होती. लेखी परीक्षा आधी नसते, आधी मैदान: धावणं, गोळाफेक. रोज पहाटे गावातल्या पोरी मिळून डांबरी रस्त्यावर पळायच्या, आणि वाघाचा भाग म्हणून कुणाचा तरी बाप मागून मोटरसायकलचा दिवा लावून यायचा. रोशनी सगळ्यांत पुढे असायची. मग गावातल्या आशा कार्यकर्तीच्या फोनवर निरोप आला: हृदयाचा आकार वाढलेला, तज्ज्ञांना दाखवावे, तोवर श्रम टाळावेत. बाप छाती धरून गेलेला. कुंदाबाईने त्याच दिवशी मुलीचे बूट कुलपात घातले. महिना होऊन गेला होता. मैदान येत्या सोमवारी होतं.

मी अंगणात बसून रोशनीचा जुना फोटो लॅपटॉपवर काढला आणि आईला समजावलं. हाडं दाखवली, सावली समजावली, तुमच्या मुलीचं हृदय चांगलं आहे म्हणाले. कुंदाबाईने सगळं ऐकून घेतलं. मग विहिरीवरून पाणी आणायला उठली आणि येताना मध्येच कठड्यावर टेकली. थोडं बसून परत आली.

"तुमी चांगल्याच असान बाई," ती म्हणाली. "पन तुमी एकल्या हा. मशीन सरकारी लोकायनं आनलं. कोनाचं आयकू?"

मला तिचा राग आला नाही. ज्यांनी तिला या पेचात टाकलं त्यांचा आला. मी म्हटलं, ठीक आहे, मशीनलाच पुन्हा विचारू, पण या वेळी सरळ विचारू.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या खोलीत शिबिर लावलं. पुरुषांना बोडीकडे, गावतळ्यावर पिटाळलं. प्रफुलला पडद्यामागे बसवलं, बायकांना उभं करायचं काम मी घेतलं. प्रत्येकीने आपल्या घरचं धुतलेलं सुती कापड आणायचं, पाटीवर टाकायचं, फोटो झाला की घेऊन जायचं. एवढंच. ही युक्ती काढायला काही कृत्रिम बुद्धिमत्ता लागत नव्हती. आधी मी स्वतः पाटीला मिठी मारून दाखवली. मैनाबाईने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, चटणीचा वास घेतला, आणि ती माझ्या पाठोपाठ आपलं कापड टाकून उभी राहिली. मग काय, रांग लागली.

सगळे फोटो हिरवे. रोशनीचाही. मी तो मोठा करून पाहिला. सुरेख, बेताचं हृदय, पळणाऱ्या पोरीचं. कुंदाबाईने लॅपटॉपवरचा हिरवा ठिपका बघितला आणि कंबरेची किल्ली काढून मुलीच्या हातात दिली. काल तासभर मी तेच सांगत होते. पण राहू दे, पोरगी पळत बाहेर गेली हे पाहून माझा राग जरा निवळला.

मग बायकांनी कुंदाबाईलाच पुढे ढकललं. पहिल्या शिबिराच्या वेळी ती झोडपणीच्या मजुरीवर गेली होती, तिचा फोटो निघालाच नव्हता. आता तूही लाव म्हणाल्या. तिने लावला. हिरवा ठिपका आला, ती निघालीसुद्धा.

मी मात्र लॅपटॉपवरून नजर काढू शकले नाही. ती नीट उभी होती, हाडं बाजूला होती, सावलीला फुगायचं काही कारण नव्हतं. तरी हृदय मोठं होतं. डाव्या कडेची खोलगट जागा भरून आलेली, फुफ्फुसांत वरच्या शिरा फुगलेल्या. हृदयातली झडप अरुंद झाली की असं होतं. हे शिकाऊ डॉक्टरलाही दिसावं, आणि मशीन हिरवं म्हणत होतं.

मी तिला थांबवलं. दम लागतो का, विचारलं.

"धान कापलं, बांधलं, झोडपलं. दम कोनाले नाई लागत?"

"रातच्यान थे बसूनच झोपते," मैनाबाई मध्ये म्हणाली. कुंदाबाईने तिच्याकडे असं पाहिलं की मैनाबाई गप्प झाली.

मी सगळं सांगितलं. दवाखान्यात चला म्हणाले. कुंदाबाईने कापडाची घडी केली.

"बाई, कालपासून तुमीच सांगून राह्यल्या का मोठं दिल म्हंजे खोटं. आता मशीन चांगलं म्हनते तं तुमी वाईट म्हनता. एक कायतरी धरा."

गडचिरोली

कंपनीचं ऑफिस गडचिरोलीत बसस्थानकापासून जवळच, एका दुकानाच्या वर. तिथला समन्वयक अनिकेत, प्रफुलचा 'साहेब' तोच. मला वाटलं होतं कुणी बेरकी माणूस असेल. निघाला पोरगेलासा, नम्र, हसतमुख. त्याने उठून खुर्ची दिली, चहा सांगितला आणि माझे आभार मानले.

"मॅडम, तुमच्याच अभिप्रायावरून आम्ही या जिल्ह्यासाठी हृदयाची सूचना बंद केली. गेल्या आठवड्यापासून एकही चुकीचं लाल नाही."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मी लिहिलं होतं की बायकांना उलटं उभं केलं जातंय, त्यांना सरळ उभं करा. त्यांनी काय केलं, तर मशीनला सांगितलं की हृदय बघूच नकोस. ना कापड, ना बाईमाणूस, ना प्रफुलला दोन शब्द. एक कळ दाबली आणि काम झालं. शाळेच्या खोलीत आम्ही ज्या हिरव्या ठिपक्यांवर खूश होत होतो, ते डोळे मिटून दिलेले होते. रोशनीचं हृदय चांगलं होतं ते मी पाहिलं म्हणून कळलं, मशीनने त्याकडे बघितलंही नव्हतं.

"मग हिरवं म्हणजे काय?" मी विचारलं.

"क्षयाच्या दृष्टीने नॉर्मल."

"चिठ्ठीवर तसं लिहिता?"

चिठ्ठीवर फक्त 'नॉर्मल' असतं. जागा कमी असते, असं तो म्हणाला.

त्यानंतर मी जे बोलले ते खालच्या दुकानात ऐकू गेलं असणार, कारण चहा घेऊन आलेला माणूस दारातूनच परत फिरला. मला त्याची लाज वाटत नाही. मला संताप आला होता आणि अजून आहे. मशीन चुकलं तर दुरुस्त करता येतं. इथे ते चुकलंच नव्हतं. पहिल्यांदा त्याला फसवलं आणि दुसऱ्यांदा त्याचं तोंड बांधलं, आणि दोन्ही वेळा कागदावर सगळं सुधारल्यासारखं दिसलं.

मी कुंदाबाईचा फोटो उघडायला लावला आणि ती सूचना चालू कर म्हणाले. वरून परवानगी लागते म्हणाला. फोन लावला, परवानगी आली, त्याने कळ दाबली. डोळ्याचं पातं लवायच्या आत लाल. हृदयाभोवती गोल, अगदी मला खटकलं होतं तिथे.

"बघा मॅडम," अनिकेत सुटल्यासारखा म्हणाला, "म्हणजे सिस्टिम चांगली चालते."

मी त्या लाल फोटोची छापील प्रत मागून घेतली. आयुष्यभर एक्स-रे वाचून मिळवलेला शब्द त्या अंगणात चालत नव्हता, म्हणून मशीनची चिठ्ठी घेऊन जायची होती. निघताना सांगितलं की सगळ्या गावांतल्या बायकांचे फोटो नीट काढा आणि तोवर चिठ्ठीवर खरं काय ते लिहा. वर कळवतो म्हणाला. हे लिहीपर्यंत ते फोटो निघालेले नाहीत. मी पत्र पाठवते, आणि माझा अभिप्राय त्यांच्यासाठी मोलाचा आहे असं उत्तर येतं.

पुन्हा गाव

रविवारी सकाळी मी ती प्रत घेऊन कुंदाबाईच्या अंगणात उभी होते. रोशनी नुकतीच पळून आली होती, गुडघ्यांवर हात टेकून श्वास घेत होती. महिन्याचा खंड तिच्या चेहऱ्यावर दिसत होता.

कुंदाबाईने कागद उजेडात धरला.

"माह्या पोरीचं लाल व्हतं, मंग हिरवं झालं. माहं हिरवं व्हतं, आता लाल," ती म्हणाली. "उद्या हे बी हिरवं होईन. जाऊ द्या बाई. उद्या पोरीचं मैदान हाय, मले तिकडं जाऊ द्या."

तिचा हिशेब बरोबर होता. एका बाईला दोनदा खोटं सांगून तिसऱ्यांदा खरं सांगायला गेलं तर तिने ऐकावं तरी का? वर सोमवारचीच अडचण. माझ्या एका वर्गमित्राच्या ओळखीने गडचिरोलीच्या एका दवाखान्यात सोमवारी हृदयाची सोनोग्राफी करणारे डॉक्टर मिळत होते. ते नागपूरहून यायचे, आणि त्यानंतर केव्हा येतील याचा नेम नव्हता.

रोशनीने कागद आईच्या हातातून घेतला. बापाच्या वेळी ती शाळेत होती, तिला सगळं आठवत होतं. तिने मला एकच विचारलं, तुम्ही स्वतः पाहिलं का. मी हो म्हटलं. ती दारातल्या दगडावर बसली, बूट काढले आणि आईच्या पुढ्यात ठेवले.

"तू दवाखान्यात नाई येत, तं मी मैदानावर नाई जात."

कुंदाबाई तिला वाट्टेल ते बोलली. घरात गेली, बाहेर आली, पुन्हा बोलली. रोशनी जागची हलली नाही. दुपारी चुलीवर भात चढला तेव्हा आईने ते बूट उचलून पोरीच्या अंगावर टाकले आणि म्हणाली, येतो.

सोमवार

सकाळच्या एसटीने आम्ही तिघी गडचिरोलीला आलो. रोशनी मैदानाकडे गेली, आम्ही दोघी दवाखान्यात. कुंदाबाईला मुलीला पळताना बघायचं होतं, ते राहिलं. बाकावर बसून ती सारखी दाराकडे बघत होती. मला म्हणाली, तुमच्या लुगड्याले कशाचा वास येते? मी चटणीचं सांगितलं तेव्हा त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा ती हसली.

तपासणी झाली. झडप अरुंद झालेली होती, बऱ्याच वर्षांपासूनची. डॉक्टर सरळ बोलणारे होते. वेळेत आलात, औषधं आजच सुरू करा, नागपूरला जाऊन फुगा घालून झडप उघडावी लागेल, आणि आता भारा उचलायचा नाही. कुंदाबाईने विचारलं की हे पक्कं का, उद्या बदलणार तर नाही. पडद्यावर तिचं स्वतःचं हृदय हलत होतं. डॉक्टरांनी तिला ते दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली.

रोशनी आली तेव्हा आम्ही औषधांच्या खिडकीजवळच्या बाकावर होतो. छातीवर नंबराचा कागद तसाच होता, गुडघ्यापर्यंत धूळ.

"झालं का?" आईने विचारलं.

"थोडक्यात गेलं. शेवटी पाय उचललेच नाई."

"महिनाभर पळली असती तं?"

रोशनीने मान खाली घातली. "तं झालं असतं, आई."

कुंदाबाईने औषधांची पिशवी मांडीवर घेतली. मग ती माझ्याकडे वळली. तिच्या आवाजात चढ नव्हता.

"दुखनं माहं व्हतं, बाई. तुमच्या लोकायनं ते माह्या पोरीच्या नावावर टाकलं, अन् मले सांगतलं का तू चांगली हायेस."